उभं राहून सांग

४ जानेवारी

प्रिय मामा, आणि पत्र आधी फोडणारी मामी,

मागच्या दोन्ही पत्रांत तुम्ही विचारलंत, "वर्ग कसा आहे?" आणि मी हवापाणी, भाडं, बसचा नंबर असलं लिहून वेळ मारून नेली. आता सरळ लिहिते. माझा वर्ग मुका आहे.

तिसरीची बावीस मुलं, आठ-आठ वर्षांची. व्हरांड्यात त्यांचा एवढा कलकलाट असतो की शाळेचा शिपाई कानात बोटं घालतो. मी दारातून आत आले की चिडीचूप. प्रश्न विचारला की बावीस जण आपापल्या बुटांकडे बघतात. परवा मी विचारलं, आठवड्याचे दिवस किती? एक हात वर येईल तर शपथ! भिंतीपलीकडे गणिताच्या बाईंच्या वर्गात मुलं छत उडवतात, आणि इकडे मला माझ्याच घड्याळाची टिकटिक ऐकू येते. सुरुवातीचे दोन दिवस बरे गेले, मग हळूहळू एकेक तोंड मिटलं. आता चार महिने होत आले.

मुख्याध्यापिका भल्या आहेत. रागावल्या नाहीत. पुढच्या वर्षीचा करार माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "पंधरा फेब्रुवारीपर्यंत सही करा, किंवा करू नका. दोन्हींत लाज नाही." लाज नाही म्हणाल्या तेव्हाच मला लाज वाटली. तो कागद खणात खडूच्या डब्याखाली आहे.

मामा, मला घरी यायचंय. मार्चअखेर सत्र संपतं. तुमच्या जुन्या शाळेत शिक्षिकेची ती जागा अजून रिकामी आहे का? विचाराल?

इथल्या तिघी सहशिक्षिका या महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी एका बेटावर चालल्यात. होडीनं दीड तास. मलाही म्हणाल्या. मी सांगितलं, वह्या तपासायच्यात. वह्यांत काय असतं तपासायला? पण तिघींच्या वर्गात दंगा चालतो आणि माझ्या वर्गात नाही. दोन दिवस त्यांच्या दयेत कोण राहणार?

तुमची भाची

•

१५ जानेवारी

भाचीबाई,

पत्र मामीनं आधी वाचलं, हे वेगळं सांगायला नको. मला चष्मा सापडेपर्यंत "पोरगी येतेय" एवढा सारांश मिळाला होता आणि तुझ्या खोलीतल्या गाद्या उन्हात पडल्या होत्या.

मी लगेच सदरा चढवला आणि शाळेत गेलो. तुला आठवतं का ते फाटक? वरची कडी उचलल्याशिवाय खालची निघत नाही. ते उघडताना मला दर वेळी वाटतं, आत माझा चौथीचा वर्ग तसाच बसलेला असेल, बाकांवर ऊन पडलेलं असेल आणि कुणीतरी ओरडेल, "गुरुजी, आज कविता!" आत कुणी नव्हतं. मुख्याध्यापक होते, तेही माझेच विद्यार्थी, त्यामुळे मला बघून पटकन उभे राहिले. म्हणाले, "तुमची भाची म्हणजे डोळे मिटून, गुरुजी. फेब्रुवारीअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो." तेव्हा तुझी खुर्ची इथं आहे. मी जास्त काही लिहीत नाही. तू मोठी आहेस, तुझं तू ठरव.

पण एक सांगतो. घाबरलेली मुलं मुकी होतात. त्यांची भीती मोडायची कशी, ते तुला मी शिकवायला नको. माझ्या वर्गात ज्याचं उत्तर बरोबर, तो उभा राहायचा. सगळ्यांसमोर, ताठ, हात मागे बांधून. उभं राहून सांगितलेलं माणूस मरेपर्यंत विसरत नाही. तू तेच करत असशील, करत राहा. एक दिवस बांध फुटेल.

आणि बेटावर जा! वह्या कुठं पळून जात नाहीत. एकतीस वर्षं मी चौथीला समुद्राची कविता शिकवली:

निळी निळी पाटी, कोण बरे पुसतो?
पुसुनिया पुन्हा कोण अक्षरे लिहितो?

हातवारे करून शिकवली, लाटांचा आवाज तोंडानं काढून शिकवली, आणि समुद्र मी आजतागायत पाहिलेला नाही. हे वर्गात कधी कुणाला कळू दिलं नाही. तेव्हा माझ्या वतीनं जाऊन ये आणि खरं काय ते लिही. तो खरंच पुसतो का? मी इतकी वर्षं मुलांना थापा तर मारल्या नाहीत?

तुझा मामा

ता. क. मामी बोलतेय, हे लिहितायत. पाण्यात गुडघ्याच्या वर जायचं नाही. दयेत राहायला लागलं तर राहावं, दया खाल्ल्यानं पोट बिघडत नाही. डोक्याला रुमाल बांध.

•

३० जानेवारी

प्रिय मामा,

गेले होते. परवा संध्याकाळी परत आले.

आधी त्या तिघींबद्दल सांगते, कारण मी त्यांना चार महिने ओळखत होते आणि मला काहीच माहीत नव्हतं.

गणिताच्या बाई अठ्ठावन्न वर्षांच्या. व्यायामाच्या बाईंना मी मनात शिट्टीबाई म्हणते, कारण त्यांची शिट्टी गळ्यातून कधी निघत नाही, बेटावरही निघाली नाही. तिसऱ्या ग्रंथपालबाई, त्या एवढं हळू बोलतात की होडीत मला त्यांचे फक्त ओठ दिसत होते. दोन खोल्यांचं लाकडी घर भाड्यानं घेतलं होतं. पाण्याचा नळ खाली धक्क्याजवळ, घर वर टेकाडावर. दारातच शिट्टीबाईंनी नियम केला, "दोन दिवस शाळेचा विषय बंद. जी काढेल ती बादली घेऊन खाली जाईल."

मामा, दुपारपर्यंत घरात इतकं पाणी झालं की ओतायला भांडं उरलं नाही.

पहिली बादली शिट्टीबाईंनीच आणली. माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या वर्गातल्या त्या चष्मेवालीचे बूट तिला घट्ट होतात, आईला सांगायला हवं." साडेतीनशे मुलांपैकी कुणाचे बूट चावतात हे या बाईला पाठ आहे! दुसरी बादली ग्रंथपालबाईंची. आम्ही पोहण्याचे कपडे आणले होते, त्यांनी पिशवीभर फाटकी पुस्तकं आणि डिंकाची बाटली. पायरीवर बसून एकेक पान चिकटवत होत्या. शिट्टीबाई म्हणाल्या, "अहो, ही सुट्टी आहे." त्या आपल्या हळूच म्हणाल्या, "पुस्तकांना कुठं आहे?" आणि स्वतःच बादली उचलून चालायला लागल्या.

आणि गणिताच्या बाई. सकाळी मी किनाऱ्यावर गेले तर त्या वाळूत गुडघे टेकून गोटे मांडत होत्या आणि मोठमोठ्यानं बोलत होत्या, समोर कुणी नाही. सोमवारी अपूर्णांक शिकवायचे होते. एका मुलाला पाव आणि अर्धा यांत पाव मोठा वाटतो, कारण चार हा दोनापेक्षा मोठा. त्याला कसं सांगायचं, याची सातवी तऱ्हा करून बघत होत्या. मी म्हटलं, "तीस वर्षं झाली तुम्हाला शिकवून, अजून सराव?" त्या म्हणाल्या, "तीस वर्षांत हा मुलगा मला कुठं भेटला होता?" मग मला दटावलं, "बघत काय उभ्या राहिलात? मला माझी बादली आणायचीय, तोवर माझे गोटे सांभाळा."

मी तिथं वाळूत बसून राहिले. अशी माणसं माझ्या भिंतीपलीकडे होती आणि मी डबा वर्गात एकटीनं खात होते.

रविवारी वारा सुटला, होडी संध्याकाळपर्यंत निघणार नव्हती. दुपारी घरात बसून कोडी घालायचा खेळ सुरू झाला. माझी पाळी आली. मी कोडं घातलं आणि शिट्टीबाईंनी ते एका झटक्यात सोडवलं. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "शाब्बास! उभ्या राहा आणि मोठ्यानं सांगा!"

शिट्टीबाई उठल्या. पण कशा? मान खाली, कान लाल, हात पोटाशी. ती सहा फुटी बाई एका क्षणात आठ वर्षांची झाली. मग तिघी हसत सुटल्या आणि मीही हसले, पण गणिताच्या बाई मध्येच थांबल्या.

"तुम्ही वर्गात असंच म्हणता?"

"हो. उत्तर बरोबर आलं की."

"बरोबर आलं की?"

त्यांनी कपाळाला हात लावला. मामा, इथल्या शाळेत मुलं सतरंजीवर बसूनच बोलतात. उभं करतात ते फक्त ज्यानं मोठा गुन्हा केलाय त्याला. कुणाला मारलं, काही चोरलं, तर सगळ्यांसमोर उभं करून मग मुख्याध्यापिकांकडे पाठवतात. पहिल्या दिवशी त्या चष्मेवाल्या मुलीनं मला सुरेख उत्तर दिलं आणि मी आनंदानं तिला उभं केलं. ती रडली. मला वाटलं, लाजाळू आहे, भीड मोडायला हवी. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं केलं. मग ज्याचं-ज्याचं उत्तर बरोबर, त्याला-त्याला. त्यावरून बावीस मुलांनी सरळ हिशेब मांडला: या बाईंकडे बरोबर उत्तराला शिक्षा आहे.

मी विचारलं, "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

गणिताच्या बाई म्हणाल्या, "दुसऱ्याच्या वर्गात आम्ही डोकावत नाही. तुम्ही चहालाही कधी आमच्यात बसला नाहीत, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं." मग उठत म्हणाल्या, "चूक दोघींची. चला, बादली दोघी मिळून आणू."

बादलीची कडी त्यांनी अर्धी धरली होती, मी अर्धी. परतताना म्हणाल्या, "त्या मुलीनं दुसऱ्या दिवशीही उत्तर दिलं होतं ना? शिक्षा होणार हे माहीत असून? अशी मुलगी मला तीस वर्षांत दोनदाच मिळालीय."

समुद्राबद्दल तुम्ही विचारलं होतंत. हो, पुसतो. काल सगळ्या मुलांना मी सतरंजीवर बसवलं आणि मीही खाली बसले. चष्मेवालीनं हात वर केला नाही, पण बुटांकडे न बघता माझ्याकडे बघितलं. आज मी त्यांची माफी मागितली. उद्या काय होईल ठाऊक नाही.

तुमची भाची

•

८ फेब्रुवारी

भाचीबाई,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. चहा दोनदा गार झाला.

खरं सांगायचं तर आधी मला राग आला. उभं राहणं म्हणजे शिक्षा? उभं राहणं हा मान! मी खोलीभर येरझाऱ्या घालत मामीला हे पटवत होतो. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला उभं राहायला आवडतं म्हणून सगळ्या गावाला आवडतं होय? मला विचारलं असतंत तर कधीच सांगितलं असतं, शाळेत माझे गुडघे कापायचे." चाळीस वर्षांच्या संसारात हे मला आज कळलं.

मग मला तिसऱ्या बाकावरची एक मुलगी आठवली. हुशार, अक्षर मोत्यासारखं, पण कवितेला उभी राहा म्हटलं की खांबासारखी गप्प. वर्षभर गप्प. प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं, "कवितेत रस नाही." ती आता पलीकडच्या गल्लीत शिवणकाम करते. मामीची पोलकी तिच्याकडेच असतात. मी एका सदऱ्याचं बटण मुद्दाम तोडलं आणि तो घेऊन गेलो.

ती मशीनवर होती. मला बघून उठायला लागली. मी म्हटलं, "बस, बस. बटण लावायचंय." ती सुईत दोरा ओवत होती तेव्हा विचारलं, "काय गं, तू चौथीत कविता का म्हणत नव्हतीस?"

ती हसली. दोरा दातानं तोडला. "गुरुजी, माझा परकर मागून फाटलेला असायचा. बसलं की दिसायचा नाही. उभं राहिलं की मागच्या बाकाला दिसायचा."

"मग सांगायचं नाहीस?"

"काय सांगायचं? उभं राहून?"

तिनं बटण लावलं, गाठ मारली, सदरा घडी करून मांडीवर ठेवला आणि तशीच, मशीनच्या स्टुलावर बसून, पाय पायडलवर हलवत, सगळी कविता म्हणाली. चारही कडवी. चाल माझीच, थांबायचं तिथं थांबली. तिसऱ्या कडव्यात मी दर वर्षी एक शब्द विसरायचो, तो तिला येत होता. एवढी सुंदर कविता माझ्या वर्गात कधीच कुणी म्हटली नाही, आणि ती एक वर्ष माझ्यासमोर तिसऱ्या बाकावर गप्प बसली होती.

बटणाचे पैसे तिनं घेतले नाहीत.

घरी न येता मी तसाच शाळेत गेलो. आता मी काय केलं ते ऐक आणि रागाव. मुख्याध्यापकांना सांगितलं, "भाचीसाठी जागा धरू नका. दुसरं कुणी बघा." ते म्हणाले, "येत नाही म्हणाली का?" मी म्हटलं, "नाही म्हणाली नाही."

मागच्या पत्रात मी लिहिलं, तुझं तू ठरव. खोटं लिहिलं. तू यावंस म्हणून मी त्याच आठवड्यात तुझ्या खोलीचं दार रंगवून घेतलं. दुपारी पत्र्याच्या पेटीतून तुझ्या शाळेच्या वह्या काढून वाचत बसतो. मला तू हवी आहेस, हे एकदा स्पष्ट लिहितो आणि पुन्हा लिहिणार नाही. पण समुद्र बघायला गेलेली मुलगी समुद्रावर दोन शब्द लिहिते आणि एका चष्मेवालीवर पानं भरते, तिचं मन कुठं आहे हे ओळखायला मी एवढाही म्हातारा झालेलो नाही. मी खुर्ची धरून बसलो असतो तर माझ्यासाठी तू आली असतीस. तसं येऊ नकोस. हरून येऊ नकोस. यायचंच असलं तर वर्गाचा दंगा ऐकून ये.

तुझा मामा

ता. क. हे शाळेतून आले आणि जेवलेच नाहीत. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "रंग फुकट गेला." मी म्हटलं, दार तर राहीलच की. तू सही कर. मी यांच्याकडे बघते. मामी.

•

९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितेय, कारण उत्तर आलं असतं तर मला हे करवलं नसतं.

आज मी सही केली. आणखी एक वर्ष.

तुम्ही माझ्यासाठी मुख्याध्यापकांकडे शब्द टाकलात आणि मी तुम्हाला तोंडघशी पाडलं. मामीनं गाद्या उन्हात टाकल्या. हे सगळं माहीत असून केलं, म्हणून "चुकून झालं" असंही म्हणता येत नाही.

पण आज काय झालं ते ऐका. माफी मागून दहा दिवस झाले होते. मुलं बघायची, हसायची, बोलायची नाहीत. चार महिन्यांची भीती, दहा दिवसांत कशी जाईल? गणिताच्या बाई रोज मधल्या सुट्टीत विचारायच्या, "आला का हात वर?" मी मान हलवायची. शिट्टीबाई म्हणाल्या, "पोहायला शिकताना पोरं काठ असाच धरून ठेवतात, ओढायचं नाही." आज सकाळी मी सतरंजीवर बसून विचारलं, पक्षी रांगेत का उडतात? मला स्वतःलाच नीट माहीत नव्हतं, तेही सांगितलं. आधी सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग चष्मेवालीनं हात वर केला. खांद्यापर्यंतच. मी "बोल" म्हटलं.

ती म्हणाली, "पुढचा थकला की मागचा पुढे येत असेल." आणि लगेच, "मला उभं राहावं लागेल?"

मी म्हटलं, "नाही गं. तू बस. आज मी उभी राहते."

आणि मी उभी राहिले, मामा. हात मागे बांधून, ताठ, तुमच्या चौथीत राहायची तशी. तिचं उत्तर मी मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं. कुणीतरी खुदकन हसलं आणि सगळा वर्ग फुटला. पक्षी, विमानं, कुणाच्या काकांची होडी, बावीस जण एकदम बोलत होते. गणिताच्या बाई धावत दारात आल्या. डोकावायचं नाही हा त्यांचाच नियम, पण आल्या. दोन्ही कानांवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मधल्या सुट्टीत मी खणातून कागद काढला.

रागावा. पण पत्र लिहिणं बंद करू नका.

तुमची भाची

•

२० फेब्रुवारी

भाचीबाई,

तुझं पत्र मिळालं. म्हणजे तू सही करत होतीस त्याच्या आदल्याच दिवशी मी तुझी खुर्ची सोडून आलो होतो, आणि दोघंही आपापल्या गुन्ह्याची कबुली पोस्टात टाकून घाबरून बसलो होतो. मामी दोन्ही पत्रांच्या तारखा बघून म्हणाली, "एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं."

राग कसला? पक्ष्यांचं ते उत्तर मी कालपासून भेटेल त्याला सांगतोय. तुझं उभं राहणंही सांगतोय. असं काही मला एकतीस वर्षांत सुचलं नाही. हे मी मोठेपणानं लिहीत नाही, हेव्यानं लिहितोय.

मात्र तुझ्या न येण्याची शिक्षा मला झाली. मुख्याध्यापक परवा घरी आले. म्हणाले, "गुरुजी, भाचीची जागा तुम्ही सोडलीत, दुसरं कुणी अजून मिळत नाही. मिळेपर्यंत चौथीची कविता तुम्हीच घ्या." मामी आतून ओरडली, "न्या, न्या!"

काल पहिला तास होता. बाक भिंतीला लावले, सतरंजी घातली आणि मुलांच्या मध्ये मीही मांडी घालून बसलो. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. एकीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही नवीन मुलगा आहात का?" मी म्हटलं, "हो, कालच नाव घातलं." मग जे हसू फुटलं, त्याबरोबर प्रश्नही फुटले. कविता सुरूच झाली नाही. तास संपल्याची घंटा मला ऐकूही आली नाही.

सगळे बाहेर पळाले आणि मग लक्षात आलं, मला उठता येत नाहीये. गुडघे सतरंजीला चिकटल्यासारखे. दोघीजणी दारातून परत आल्या. एकीनं एक हात धरला, दुसरीनं दुसरा, आणि "एक, दोन, तीन" करून त्यांनी मला उभं केलं.

उद्या बुधवार. माझा दुसरा तास.

तुझा मामा